अडतीस मिनिटं

१९ एप्रिल
दुकान, दुपार

प्रिय काटकोन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आपल्यापैकी कोणी कोणाला पत्र लिहील असं कोणी म्हणालं असतं तर आपण दोघं पोट धरून हसलो असतो. तुझं अक्षर मी खिडक्यांच्या मापांपलीकडे कधी पाहिलेलं नाही आणि माझं अक्षर लोकांच्या स्कींना अडकवलेल्या चिठ्ठ्यांवर असतं. 'कडा घासणे, मेण लावणे, शनिवारी नेणार.' तेव्हा चुकांकडे कानाडोळा कर.

माझं बरं आहे. खांद्यापुढचं हाड जुळलं, डॉक्टरबाईंनी गळ्यातली झोळी काढून टाकली. अजून ताईकडेच राहतो. ती सकाळी शाळेची बस घेऊन जाते, मग घर माझंच असतं. गेल्या सोमवारपासून दुकान उघडलं. हंगाम संपत आलाय, लोक स्की ठेवायला आणून देतात. एका गृहस्थाने घरच्या कपड्यांच्या इस्त्रीने मेण वितळवायला जाऊन स्कीचा तळच जाळून आणला आणि वर मलाच विचारतो, मेण चांगलं नव्हतं का. तू असतास तर त्याला काहीतरी लावून बोलला असतास. मी चिठ्ठी लिहून दिली.

बचाव पथकाचे प्रमुख परवा येऊन गेले. तू राजीनामा दिलास म्हणाले. पथकाचाही आणि शोध शिकवण्याच्या कामाचाही. एकच वाक्य लिहिलंस म्हणे: ज्याला स्वतःचा दोस्त अडतीस मिनिटं सापडला नाही, त्याने लोकांना शोधायला शिकवू नये. तो राजीनामा त्यांनी टेबलाच्या खणात टाकलाय, ऑगस्टच्या बैठकीत बघू म्हणाले. मला विचारत होते, तुझं काय म्हणणं. मी म्हटलं, असल्या गोष्टींत नशिबाचा भाग असतो. ते बराच वेळ मेणाच्या वड्यांकडे बघत उभे राहिले.

अपघाताच्या अहवालावर मी सही केली आहे. वाचून केली.

हाताचं कसं आहे? वहिनी फोनवर म्हणाल्या, दोन बोटं दुसऱ्या पेरापासून गेली आणि तिसऱ्याचं टोक. त्यांनी अगदी वाण्याला सांगावं तसं सांगितलं. मीही 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बरं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तुझा,
मेण्या


१० मे
ताईचं घर

प्रिय काटकोन,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही, हे अपेक्षितच होतं. आज शाळेला सुट्टी म्हणून ताई घरी होती. जेवताना तिने सरळ विचारलं, ते यंत्र होतं ना रे तुझ्या छातीवर, मग सापडायला एवढा वेळ का लागला?

तुला हे शिकवायला नको, पण मी तिला कसं समजावलं ते लिहितो. मी म्हटलं, बीकन म्हणजे छातीला पट्ट्याने बांधलेला एक डबा. डोंगरावर चालताना सगळ्यांचे डबे 'पाठव'वर असतात. सेकंदा-सेकंदाला एक हाक देत राहतात. बर्फ सुटून कोणी गाडलं गेलं, की वर राहिलेला आपला डबा 'शोध'वर टाकतो. मग तो डबा हाक द्यायचा थांबतो आणि ऐकायला लागतो. पडद्यावर आकडा येतो, आकडा कमी होत जाईल तिकडे जायचं. काटकोन हे दोन-तीन मिनिटांत करतो. झोपेतसुद्धा करेल.

ताई म्हणाली, मग?

मी म्हटलं, बर्फ ओला होता, उतार मोठा होता, माणूस घाबरतो.

ती म्हणाली, तू लहानपणापासून थाप मारताना चमचा खाली ठेवतोस. मी बघितलं तर खरंच चमचा खाली ठेवलेला होता. तिने पुढे काही विचारलं नाही. भांडी तिने एकटीने घासली.

मला काही वाटत नाही, हे तुला सांगायला हवं. म्हणजे वाईटही वाटत नाही. परवा ताईने भाजीत मीठ घालायचं विसरून विचारलं, कशी झाली, मी चांगली म्हणालो. रात्री झोप लागते. सकाळी उठून दुकानात जातो, कडा घासतो, गिऱ्हाईक हसलं की हसतो. इस्पितळात डॉक्टरबाईंनी पायाच्या बोटांना सुई टोचून विचारलं होतं, कळतंय का? तेव्हा सगळं कळत होतं. आता कोणी टोचून बघितलं तर काय सांगेन ठाऊक नाही.

वर काढल्यानंतरचं मला फारसं आठवत नाही, हेही अहवालात आहे. तुझं जाकीट माझ्या अंगावर होतं एवढं आठवतं, आणि हेलिकॉप्टरचा आवाज.

तुझा,
मेण्या


१२ जून
दुकान

काटकोन,

हे पत्र टाकणार नाही बहुतेक. तरी लिहितो.

आज वहिनी दुकानात आल्या. मी आत भट्टीपाशी मेण गरम करत होतो. त्या काऊंटरशी उभ्या राहून भिंतीवरची किंमतपत्रकं वाचत होत्या, जणू काही विकत घ्यायचं आहे. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

म्हणाल्या, तू सकाळी कामावर जात नाहीस. डाव्या हाताने रंधा धरायला शिकतोयस पण त्यात मन नाही. अर्ध्या केलेल्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. आणि रोज सकाळी, उजाडलं की, त्यांना उठवतोस. त्यांनी जुना डबा 'पाठव'वर करायचा, घरामागच्या मोकळ्या जागेत वाळक्या पानांच्या ढिगात, लाकडाच्या भुशाच्या पोत्याखाली, कुठेतरी पुरायचा. मग तू डोळे उघडून शोधायला निघायचं. घड्याळ त्यांच्या हातात.

'दोन मिनिटांत सापडतं हो भाऊजी,' त्या म्हणाल्या. 'कधी दीड मिनिटात. तरी म्हणतात, पुन्हा पुर. आज अकरा वेळा पुरला मी. त्यांना कळतच नाही की त्या दिवशी काय चुकलं. तुम्हाला कळतं का?'

मी म्हटलं, नाही.

त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांच्याशी बोला, तुमचं ऐकतील. मग म्हणाल्या, तुमच्यावर राग नाही त्यांचा, तुम्ही तसं समजू नका, त्यांना तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते.

वहिनी गेल्यावर मी भट्टी बंद करायला विसरलो. मेण करपलं, दुकानभर धूर झाला. शेजारचा सलूनवाला पळत आला. मी खिडक्या उघडल्या आणि त्याला म्हटलं, काही नाही, लक्ष नव्हतं.

लाज तुला वाटते, काटकोन. तुला.


३ जुलै
दुकान, बंद करून

काटकोन,

आता नीट लिहितो. टाकेन की नाही ते नंतर बघू. तो दिवस तुझ्या बाजूने तुला माहीत आहे, माझ्या बाजूने नाही.

बारा वर्षं आपण त्या शिखराकडे खालून बघत होतो. दर हिवाळ्यात काहीतरी आडवं यायचं. कधी वारा, कधी तुझ्या खिडक्यांचं मोठं काम, एकदा माझा गुडघा. या मार्चमध्ये चार दिवस आभाळ स्वच्छ राहणार असं कळलं आणि तू दुकानात येऊन नुसता उभा राहिलास. मी म्हटलं, पथकाच्या डब्यांची तपासणी आहे, उद्या संपते. तू म्हणालास, मग परवा.

ती तपासणी लक्षात ठेव, सगळं तिथेच आहे. पथकाचे बासष्ट डबे दरवर्षी दोनदा माझ्याकडे येतात. मी माझा डबा सकाळी 'शोध'वर टाकतो आणि दिवसभर तसाच ठेवतो. एकेक डबा चालू करून दुकानाच्या त्या टोकाला ठेवायचा, इकडे माझा वाजला की अंगठा वर करायचा, चिठ्ठी लावायची, पुढचा. अंगठा कोणाला दाखवतो देव जाणे, दुकानात मी एकटाच असतो. वाजला, अंगठा, पुढचा. चार दिवस हेच केलं. हाताला वळण पडलं होतं.

डोंगरावरच्या झोपडीतून आपण उजाडता उजाडता निघालो. दारातच नेहमीची तपासणी केली. आधी तुझा 'शोध'वर, माझा 'पाठव'वर, मी चालत गेलो, तुझा वाजला. मग तू तुझा 'पाठव'वर केलास, मी माझा 'शोध'वर केला, तू दहा पावलं चालत गेलास. माझा डबा वाजला. मी अंगठा वर केला आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

एवढंच झालं. 'शोध'वरून परत 'पाठव'वर करायचं राहिलं. घाई नव्हती, थंडीने हात आखडले नव्हते, आपण भांडलोही नव्हतो. माझ्या हाताने डोंगरावर दुकानातलं काम केलं. गावात प्रत्येकाचा डबा ज्याच्या हाताखालून जातो त्याने हे केलं.

पुढचे पाच तास आपण चढलो. डबा जाकिटाखाली वाजत असणार, पण वाऱ्यात तुला तो ऐकू आला नाही, आणि चार दिवस दुकानात तोच आवाज ऐकून माझ्या कानांनी त्याची दखल घेणं सोडलं होतं. वाट सगळी तू काढलीस. मी मागून तुझ्या स्कीच्या खुणांवर पाय टाकत येत होतो आणि फुशारकी मारत होतो की माझ्या मेणामुळे तुझे स्की पळतात. शेवटचा उभा भाग स्की पाठीला बांधून, बुटांना काटे लावून चढलो. वर पोचलो तेव्हा शिखर ताईच्या जेवणाच्या टेबलाएवढंच निघालं. दोघांना बसायला एकमेकांच्या पाठीला पाठ लावावी लागली. तू खिशातून प्लॅस्टिकचा कोनमापक काढलास. चार हजार मीटरवर सुतारकाम. उतार मोजलास आणि म्हणालास, एकोणचाळीस अंश, बांधकाम चांगलं आहे. मी एवढा हसलो की दम लागला.

मग तू म्हणालास, 'तू जा पुढे.' आपला नियम असा की ज्याने वाट काढली त्याने पहिलं उतरायचं. अस्पर्श बर्फावर पहिली रेघ त्याची. मी म्हटलं, हक्क तुझा आहे. तू म्हणालास, 'बारा वर्षं तू माझ्या स्कींना मेण लावतोस. जा.'

मी गेलो. अकरा वळणं घेतली. ती मला एकेक आठवतात. बर्फ चाळलेल्या मैद्यासारखा होता, वळताना गुडघ्यापर्यंत उडायचा आणि आवाज काहीच नाही. सहाव्या वळणाला मी ओरडलो, तुला ऐकू आलं का माहीत नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं अर्धं मिनिट असेल, आणि ते मला आजही कबूल करावं लागतं.

बाराव्या वळणाला वर आवाज झाला, वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवावं तसा. मग उतार सगळाच निघाला. वाहून जाताना मी उजवा हात तोंडापुढे धरला. हेही तूच शिकवलंस. थांबलो तेव्हा हलता येत नव्हतं. बर्फ थांबला की घट्ट होतो हे आपण हजार वेळा लोकांना सांगतो, पण किती घट्ट ते मला तेव्हा कळलं. डावा हात पाठीमागे होता, उजवा चेहऱ्यापाशी. तोंडापुढे ओंजळीएवढी पोकळी.

आणि माझ्या छातीवर डबा वाजला.

गाडलेल्या माणसाच्या छातीवर डबा वाजत नसतो. पहिले काही क्षण मला त्याचा अर्थ कळला नाही, उलट बरं वाटलं. तुझी हाक येत होती, म्हणजे तू वर होतास, तुझ्या पायांवर होतास. मी तो आवाज मोजत होतो. मग मला कळलं की माझा डबा ऐकतोय. आणि ते कळेपर्यंत आवाज थांबला. तू तुझा डबा 'शोध'वर टाकला होतास.

त्यानंतर वर तू ऐकत होतास, खाली मी ऐकत होतो आणि हाक कोणीच देत नव्हतं.

बटण माझ्या बोटांपासून वीतभर खाली होतं. मी प्रयत्न केला. हात एक पेरभरही हलला नाही. ओरडलो, पण आतला आवाज बाहेर जात नाही. तू वर काय करत असशील ते मला ठाऊक होतं. आधी सरळ पट्ट्यांत चाललास, मग परत वर गेलास, मग डब्यावर संशय घेऊन बॅटरी बघितलीस. मोठे हातमोजे त्यासाठीच काढलेस ना? ते घसरून गेले असं अहवालात आहे. मग डबा सोडून माझी काठी जिथे दिसली तिथून सळई खुपसत निघालास, पाऊल-पाऊल, पातळ ओल्या मोज्यांनी. अडतीस मिनिटं. त्यातली पहिली दहा-बारा मी जागा असेन. मग झोप आली.

इस्पितळात माझे कपडे पिशवीत दिले, त्यात डबा होता. बटण 'पाठव'वर होतं.

माझ्या आधी त्याला हात लावणारा तू एकटाच. आता दोन गोष्टी शक्य आहेत. सुटका झालेल्याचा डबा लगेच 'पाठव'वर करायचा, वरून दुसरा लोट आला तर, हे तू प्रत्येक वर्गात सांगतोस. तू सवयीने केलं असशील, न बघता. तर मग तुला काही माहीत नाही, आणि तू घरामागे पानांच्या ढिगात रोज स्वतःची चूक शोधतोयस. किंवा तू बघितलंस, ओळखलंस, आणि माझं दुकान, माझं नाव राहावं म्हणून बटण फिरवलंस, आणि तेव्हापासून वाट बघतोयस की मी कधी तोंड उघडतो. तसं असेल तर फोन न उचलण्याचं कारण लाज नाही, मी आहे.

यातलं कोणतं खरं असावं असं मला वाटतं, हे मी स्वतःला विचारून बघितलं. दुसरं. दुसरं खरं असलं तर निदान तुला माहीत असेल. बघ, यातही मी माझीच सोय बघतोय.

अहवालात लिहिलंय, 'गाडल्या गेलेल्याचं यंत्र चालू व पाठव स्थितीत.' त्याखाली माझी सही आहे.


२ ऑगस्ट
ताईचं घर

काटकोन,

पथकप्रमुख पुन्हा आले. बैठक बावीस तारखेला आहे. म्हणाले, त्याने तुझा जीव वाचवला एवढं तरी लिहून दे, निदान राजीनाम्यासोबत ते वाचलं जाईल, बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील. बोलणारे काय बोलतात ते मी विचारलं. ते म्हणाले, सोड. मग सांगितलंच. हाक येत असताना माणूस सापडत नाही म्हणजे प्रशिक्षकाचं धाबं दणाणलं होतं.

मी तिथेच काऊंटरवर चार ओळी लिहून दिल्या. त्याने हातांची पर्वा केली नाही, त्याने स्वतःचं जाकीट दिलं, त्याच्यामुळे मी जिवंत आहे. सगळं खरं लिहिलं, एक सोडून. प्रमुख कागदाची घडी करून खिशात घालत म्हणाले, छान लिहिलंस.

जाताना दारात थांबून म्हणाले, या खेपेला डबे जरा लवकर पाठवतो, बासष्टच्या बासष्ट. मी म्हटलं, पाठवा.

तीन जुलैचं पत्र दुकानाच्या खणात आहे. रोज वाटतं आज टाकू. रोज संध्याकाळी टपालपेटीवरून येतो आणि पुढे जातो. घरी येऊन ताईला म्हणतो, भूक लागली.


२४ ऑगस्ट
दुकान

काटकोन,

आता मात्र हे टाकतोय, आधीची तिन्ही सोबत जोडून. तारखा बदललेल्या नाहीत. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही वेळा मला तोंड उघडता आलं असतं, हे तुला दिसावं.

परवाचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने पुन्हा लिहितो. पथकाच्या गॅरेजवरची ती खोली. नऊ खुर्च्या, भिंतीला दोरांची वेटोळी, खाली गाडीचं तेल बदलत होते त्याचा वास. तू दाराजवळ बसला होतास, उजवा हात खिशात. मी आलो तेव्हा तू मान हलवलीस. मला वाटलं होतं तू बघणारही नाहीस. मग वहिनी म्हणाल्या होत्या ते खरंच, तू नजर खाली घातलीस. लाजेने.

प्रमुखांनी तुझं वाक्य वाचलं, मग माझ्या चार ओळी वाचल्या. दोघं-तिघं माझ्याकडे बघून मायेने हसले. मग प्रमुख म्हणाले, राजीनामा स्वीकारावा असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करावा. मी हात वर केला, बोलायचं म्हणून. ते म्हणाले, 'अरे, तुला मत नाही, तू साक्षीदार आहेस.' कोणीतरी हसलं.

मी म्हणालो, 'माझा डबा शोधवर होता. सकाळपासून. मी परत केलाच नव्हता.'

खाली कोणाच्या तरी हातून पाना पडला. मग पथकातल्या चष्मेवाल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पण अहवालात तर पाठव लिहिलंय.

'तो मी केला,' तू म्हणालास. 'बाहेर काढल्यावर. सवयीने. मी बघितलं नव्हतं.'

हे तू त्यांना सांगितलंस, आणि सांगता सांगता तुझं तुलाच कळत गेलं. मी तुझा चेहरा बघत होतो. मी खाली बसलो. पाच महिने मला काही वाटत नव्हतं. तेव्हा सगळं एकदम वाटलं, आणि ते मी कोणाला सांगावं अशी माझी लायकी राहिलेली नव्हती.

पुढचं सगळं चटचट झालं. राजीनामा प्रमुखांनी तुझ्यासमोर फाडला. अहवाल नव्याने लिहायचा ठरलं. डबे तपासायचं काम पलीकडच्या गावातल्या माणसाला द्यायचं ठरलं, आणि ते मीच सुचवलं असं कोणी समजू नये, त्यांनीच ठरवलं आणि बरोबर ठरवलं. काल दोन गिऱ्हाइकं आपापले स्की परत घेऊन गेली. एकाने कारण सांगितलं, एकाने नाही. ताईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेव. आणि समोर बसून राहिली.

आता जिन्यावरचं. तिथे फक्त आपण दोघं होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तू डावा हात वर करून मला थांबवलंस. म्हणालास, 'तुला बाहेर काढलं तेव्हा तू पहिलं काय बोललास, आठवतं?'

मी नाही म्हणालो. खरंच आठवत नव्हतं.

'मी तुझ्या तोंडातला बर्फ बोटाने काढला. तू डोळे उघडलेस. म्हणालास, किती वेळ लावलास रे.'

ऐकलं आणि मला ते माझ्या आवाजात ऐकू आलं. तू एक पायरी खाली उतरलास आणि थांबलास.

'पाच महिने मी ते वाक्य घेऊन उठतोय,' तू म्हणालास. 'एवढंच सांग. ते बोललास तेव्हा तुला माहीत होतं?'

मी हो म्हणालो. तू कठडा डाव्या हाताने धरलास आणि हळूहळू जिना उतरून गेलास.

मेण्या